प्रेस्टर जॉनचे राज्य

बाराव्या शतकापासून पुढे सुमारे पाचशे वर्षे युरोपात एक समज पक्का होता. मुसलमानी राज्यांच्या पलीकडे, पूर्वेला दूर कुठेतरी, एक अफाट श्रीमंत ख्रिस्ती राज्य आहे; तिथला राजा हा राजाही आहे आणि धर्मगुरूही; आणि आज ना उद्या तो जेरुसलेमच्या मदतीला धावून येणार आहे. या राजाचे नाव प्रेस्टर जॉन, म्हणजे पुरोहित जॉन. असा राजा कधी झालाच नाही. तरी त्याला पोपने पत्र पाठवले, त्याच्या भरवशावर एका सैन्याने इजिप्तमध्ये घात करून घेतला, पोर्तुगालच्या राजाने त्याच्यासाठी हेर धाडले आणि शेवटी त्याच्या मुलुखाकडे गोव्याहून आरमार निघाले. त्याचे राज्य आधी इराणपलीकडे, मग मंगोलांच्या गवताळ प्रदेशात आणि त्यानंतर आफ्रिकेत इथिओपियात असल्याचे मानले गेले. त्याला ‘इंडियाचा राजा’ म्हणण्याची पद्धत मात्र या सगळ्या काळात टिकून राहिली.

ही सगळी भोळ्या लोकांची कल्पनाविलासाची गोष्ट, असे म्हणून विषय संपवता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर तिच्या मुळाशी एखादी खरी बातमी होती आणि कुठेतरी खरेखुरे ख्रिस्ती लोक राहत होते. युरोपला ते जसे होते तसे दिसले नाहीत, कारण युरोप आपल्या कामी येईल असा राजा शोधत होता.

पूर्वेकडचे खरे ख्रिस्ती

रोमच्या सत्तेबाहेर, इराणी साम्राज्यात वाढलेले पूर्वेकडचे चर्च (युरोपीय त्याला ‘नेस्टोरियन’ म्हणत) हा मध्ययुगातल्या सर्वांत दूरवर पसरलेल्या धर्मसंघांपैकी एक होता. मर्व आणि समरकंदला त्याचे धर्माध्यक्ष होते. चीनमधील शिआन येथे इ.स. ७८१ मध्ये त्याचा चिनी आणि सिरियाक भाषांत कोरलेला शिलास्तंभ उभा राहिला. मलबारातले ख्रिस्तीही याच परंपरेतले. सहाव्या शतकातला ग्रीक व्यापारी-प्रवासी कॉस्मस ‘कल्लिआना’ नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. ते कोकणातले आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

यात भर पडली ती संत थॉमसच्या कथेची. येशूचा हा शिष्य भारतात आला, त्याने गुंडफर राजासाठी महाल बांधायला घेतला आणि अखेर इथेच त्याला हौतात्म्य आले, असे तिसऱ्या शतकातल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात सांगितले आहे. गुंडफर हा पहिल्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा पार्थियन राजा गोंडोफेरस. त्याची नाणी सापडली आहेत. थॉमसची कबर मैलापूरला, आजच्या चेन्नईत, दाखवली जाते. इ.स. ११२२ मध्ये भारताचा धर्माध्यक्ष म्हणवणारा जॉन नावाचा एक माणूस पोप दुसरा कॅलिक्स्टस याच्या दरबारात आला आणि थॉमसच्या समाधीवरचे चमत्कार त्याने रसभरीत वर्णन करून सांगितले. तो खरोखर कोण होता हे इतिहासाला ठाऊक नाही, पण ‘इंडिया’ आणि ‘जॉन’ हे दोन शब्द रोममध्ये तिथून एकत्र आले.

कतवानची लढाई आणि बिशप ह्यूची बातमी

९ सप्टेंबर ११४१ रोजी समरकंदजवळ कतवानच्या मैदानात सेल्जुक सुलतान संजर याचा दारुण पराभव झाला. हरवणारा होता येलू दाशी, उत्तर चीनमधले आपले राज्य बुडाल्यावर पश्चिमेकडे सरकून कराखिताई राज्य स्थापन करणारा खितान राजपुत्र. तो ख्रिस्ती नव्हता. खितान राजघराण्याची परंपरा बौद्ध होती. पण त्याच्या प्रजेत पूर्वेकडच्या चर्चचे लोक होते, आणि इस्लामी जगातल्या सर्वांत बलाढ्य सुलतानाला पूर्वेकडून आलेल्या एका बिगरमुसलमान राजाने लोळवले, एवढी बातमी सीरियापर्यंत पोचायला पुरेशी होती.

तीन वर्षांनी, डिसेंबर ११४४ मध्ये, जेरुसलेमसाठी धर्मयुद्ध करणाऱ्या युरोपीय ख्रिस्त्यांचे, म्हणजे क्रुसेडरांचे, एडेसा शहर मोसुलचा मुसलमान सत्ताधीश झेंगी याने जिंकले. मदतीची याचना करायला सीरियातल्या जबलाचा बिशप ह्यू युरोपात आला आणि नोव्हेंबर ११४५ मध्ये व्हितेर्बो येथे पोप तिसरा युजीन याला भेटला. तिथे हजर असलेल्या फ्रायझिंगच्या ओटो या बिशप-इतिहासकाराने ह्यूची हकिकत आपल्या इतिवृत्तात नोंदवली. प्रेस्टर जॉनचा हा पहिला लेखी उल्लेख. इराण आणि आर्मेनियाच्या पलीकडे राहणारा, पुरोहित आणि राजा असलेला, नेस्टोरियन पंथाचा जॉन. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांचा वंशज. त्याने इराणच्या राजांना तीन दिवसांच्या लढाईत हरवून त्यांचे एकबताना शहर घेतले. मग तो जेरुसलेमकडे निघाला, पण टायग्रिस नदी ओलांडायला होड्या नव्हत्या. उत्तरेला हिवाळ्यात नदी गोठते असे कळल्यावरून तो तिकडे गेला, काही वर्षे थांबला, थंडी काही पुरेशी पडली नाही आणि तो परतला.

ह्यू पोपकडे नवी मोहीम मागायला आला होता हे ध्यानात घेऊन ही हकिकत वाचावी. पूर्वेचा राजा आहे, बलवान आहे, पण तो येऊ शकत नाही. तेव्हा तुम्हीच या, असा तिचा रोख आहे. पुढच्या पिढ्यांनी नेमके उलटे ऐकले.

पत्र

इ.स. ११६५ च्या सुमारास युरोपात एक लॅटिन पत्र फिरू लागले. बायझंटाईन सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस याला प्रेस्टर जॉनने ते लिहिले आहे, असा त्याचा आव. ते बनावट होते. लिहिणारा कोण हे उघडकीला आले नाही, पण तो पश्चिम युरोपातला शिकलेला धर्मगुरू असावा, असे मानायला मजकुरात भरपूर जागा आहे. पत्राच्या शेकडो हस्तलिखित प्रती आजही आहेत. फ्रेंच, जर्मन, हिब्रू अशा भाषांत त्याची रूपांतरे झाली आणि प्रत्येक नकलनवीस आपल्या पदरचे दोन चमत्कार घालत गेला.

पत्राचा सूर पहिल्या ओळीपासून वरचढ आहे. मॅन्युएलचे लोक त्याला देव समजतात, पण तो मर्त्य माणूस आहे हे आम्ही जाणतो, असे त्याला सुनावले आहे. इकडे आलास तर आमच्या वाड्यात मोठी जागा देऊ, असेही आश्वासन आहे. बहात्तर राजे आपले मांडलिक आहेत, ‘तिन्ही इंडियां’वर आपली सत्ता आहे आणि थॉमसचा देह आपल्याच राज्यात आहे. युद्धावर निघताना निशाणांऐवजी रत्नजडित सोन्याचे तेरा क्रूस पुढे चालतात आणि प्रत्येकामागे दहा हजार स्वार आणि एक लाख पायदळ असते. पाचूच्या मेजावर रोज तीस हजार माणसे जेवतात. स्वर्गातून येणाऱ्या नदीत रत्ने वाहतात, वाळूच्या समुद्राला लाटा येतात, आगीत राहणाऱ्या सॅलमँडरच्या कोशापासून विणलेली वस्त्रे धुवायची तर अग्नीतच टाकावी लागतात. वाड्यासमोर १२५ पायऱ्या चढून जावे असा एक प्रचंड आरसा आहे; त्यात राज्यभरातली कटकारस्थाने दिसतात. खोटे बोलणारा कुणी नाही, चोर नाही, गरीब नाही.

मिरीचा मजकूर मराठी वाचकाने थांबून पाहण्यासारखा आहे. मिरीच्या रानात साप असतात, म्हणून मिरी पिकली की रानाला आग लावतात, साप पळतात, मग मिरी गोळा करतात, असे पत्र सांगते. ही कल्पना त्याहून पाचशे वर्षे जुनी, सेव्हिलच्या इसिडोरच्या ज्ञानकोशातून आलेली. त्याच्या मते मिरी काळी पडते ती या आगीनेच. कोकणात किंवा मलबारात परसात मिरवेल असलेल्या कुणालाही ठाऊक असते की हिरवे घोस उन्हात वाळवले की मिरी काळी होते. पत्रकर्त्याचा ‘इंडिया’ ग्रंथालयातल्या पोथ्यांतून उभा राहिला होता, आणि याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

एवढ्या मोठ्या सम्राटाने ‘पुरोहित’ हे साधे पद का घ्यावे, याचेही उत्तर पत्रात आहे. त्याच्या दरबारात कारभारी हा धर्माध्यक्ष आणि राजा, सुरा वाढणारा आर्चबिशप आणि राजा, आणि मुख्य आचारीदेखील राजा आणि मठाधिपती. सेवकांनाच इतकी मोठी पदे असताना धन्याने नम्रतेने लहान पद घेतले. हा मजकूर नुसता गमतीचा नाही. त्या वेळी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा आणि पोप तिसरा अलेक्झांडर यांच्यात, धर्मसत्ता वरचढ की राजसत्ता, यावरून उभा दावा होता. धर्मगुरूंना घरचे नोकर म्हणून वागवणारा पुण्यशील राजा हे चित्र सम्राटाच्या पक्षाला सोयीचे होते. शिवाय ११६४ मध्ये फ्रेडरिकच्या चान्सलरने त्याच तीन ज्ञानी पुरुषांचे मानले जाणारे अवशेष मिलानहून कोलोनला हलवले होते. पत्र त्याच वर्तुळात तयार झाले असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते सिद्ध झालेले नाही, पण मला ते सर्वांत पटण्यासारखे वाटते.

२७ सप्टेंबर ११७७ रोजी अलेक्झांडरने व्हेनिसहून ‘इंडियांचा थोर राजा जॉन’ याला पत्र लिहिले आणि आपला वैद्य फिलिप याच्या हाती दिले. आपल्या राजाला रोमन धर्ममत शिकायचे आहे आणि जेरुसलेमला एक वेदी हवी आहे, असे सांगणारे लोक फिलिपला पूर्वेकडे भेटले होते. पोपने राजाला शिकवण द्यायची तयारी दाखवली, आणि स्वतःच्या वैभवाची बढाई कमी मारशील तर बरे, असेही सौम्यपणे सुचवले. फिलिपचा पुढचा मागमूस नाही.

दामिएत्ता, १२२१

दंतकथेने सर्वांत मोठी किंमत वसूल केली ती पाचव्या क्रुसेडमध्ये. क्रुसेडरांनी नोव्हेंबर १२१९ मध्ये नाईलच्या मुखाजवळचे दामिएत्ता जिंकले होते. शहर परत द्या, जेरुसलेम घ्या, असा प्रस्ताव इजिप्तचा सुलतान अल-कामिल याने वारंवार मांडला होता. अशा वेळी छावणीत बातमी आली की पूर्वेकडून ‘राजा डेव्हिड’ मुसलमानी शहरे जिंकत येतो आहे. एकरचा बिशप जाक द व्हित्री याने ती लॅटिनमध्ये युरोपभर कळवली आणि हाच तो लोकांच्या तोंडचा प्रेस्टर जॉन, असे लिहिले. पोपचा प्रतिनिधी पेलागियस तहाच्या विरोधात होताच. त्याला बळ मिळाले. जुलै १२२१ मध्ये सैन्य कैरोकडे निघाले, नाईलच्या पुरात आणि सुलतानाच्या फौजेत सापडले आणि ऑगस्टअखेर शरण आले. दामिएत्ताही गेले, जेरुसलेमही.

बातमी खोटी नव्हती. मध्य आशियातल्या ख्वारज्म या मुसलमानी राज्याची शहरे खरोखरच पडत होती. पाडणारा चंगीझखान होता.

मंगोलांच्या मुलुखात

मंगोल हंगेरीपर्यंत येऊन गेल्यावर युरोपने त्यांच्याकडे दूत पाठवले, आणि त्यांच्याबरोबर प्रेस्टर जॉनचा शोधही गवताळ प्रदेशात पोचला. १२४५ मध्ये निघालेला जोव्हान्नी द पियान देल कार्पिने सांगतो की प्रेस्टर जॉनने तांब्याच्या पुतळ्यांच्या पोटात आग पेटवून, ते घोड्यांवर बसवून मंगोलांना परतवले. १२५३ मध्ये गेलेला रुब्रुकचा विल्यम हा फार वेगळ्या धाटणीचा निरीक्षक. त्या राजाच्या कुरणांतून मी गेलो, पण काही नेस्टोरियन सोडले तर कुणाला त्याची काही माहिती नव्हती, आणि नेस्टोरियन लोक खऱ्याच्या दहापट सांगतात, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले.

मार्को पोलोने प्रेस्टर जॉन म्हणजे केराइत टोळीचा प्रमुख तोघरुल, ऊर्फ ओंग खान, असे ठरवले. यात तथ्याचा धागा आहे. केराइतांनी इ.स. १००० नंतर लवकरच पूर्वेकडच्या चर्चचा स्वीकार केला होता. तोघरुल हा तरुण तेमुजिनचा, म्हणजे भावी चंगीझखानाचा, आश्रयदाता. पुढे बिनसले आणि १२०३ मध्ये तेमुजिनने त्याचा पाडाव केला. पोलोच्या गोष्टीत जगाचा भावी त्राता त्या लढाईत मारला जातो आणि त्याचे वंशज खानाचे मांडलिक म्हणून तेंदुकला राज्य करतात. त्यांतला जॉर्ज हा खरा राजा, ओंगुत टोळीचा. बीजिंगला जाऊन राहिलेला फ्रान्सिस्कन धर्मगुरू मोंतेकोर्विनोचा जॉन १३०५ च्या पत्रात लिहितो की प्रेस्टर जॉनच्या कुळातला हा जॉर्ज राजा माझ्या उपदेशाने रोमन पंथात आला. अशा रीतीने एका टोळीच्या धनगर राजाला युरोपने दंतकथेचा वारस करून टाकले.

ठाण्याहून दोन साक्षी

चौदाव्या शतकातले दोन महत्त्वाचे साक्षीदार आपल्या ठाण्याशी जोडलेले आहेत, आणि मराठीत हे फारसे सांगितले जात नाही. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती असे चार फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते तिथल्या एका नेस्टोरियन कुटुंबाकडे; ठाण्यात अशी पंधरा घरे होती, असे फ्रान्सिस्कन प्रवासी पोर्देनोनेचा ओदोरिक नोंदवतो. याच ओदोरिकने काही काळाने त्या चौघांच्या अस्थी ठाण्याहून काढून समुद्रमार्गे चीनला नेल्या. परतीच्या वाटेवर प्रेस्टर जॉनच्या म्हटल्या जाणाऱ्या मुलखातून तो गेला आणि त्याने लिहिले की त्याच्याविषयी सांगतात त्यातला शंभरावा हिस्साही खरा नाही.

दुसरा साक्षीदार जॉर्डानस हा युरोपीय धर्मप्रसारक. तो त्या चौघांबरोबरच आला होता, घटनेच्या वेळी गुजरातच्या वाटेवर असल्याने बचावला, आणि त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे तो कोल्लमचा बिशप झाला. कोकण, गुजरात, मलबार पायाखाली घातलेल्या या माणसाला भारतात प्रेस्टर जॉन नाही हे ठाऊक होते. त्याने आपल्या ग्रंथात इथिओपियाच्या सम्राटाकडे बोट दाखवले: तुम्ही ज्याला प्रेस्टर जॉन म्हणता तो हाच. राज्य आशियातून आफ्रिकेत हलल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक आहे.

इथिओपिया

हलवणे वाटते तितके विचित्र नव्हते. जुन्या भूगोलात ‘तीन इंडिया’ होत्या आणि तांबड्या समुद्रापलीकडचा आफ्रिकी किनारा तिसऱ्या इंडियात मोडे. मध्य आशियातले मंगोल इस्लामकडे वळले होते, १३६८ मध्ये चीनमधली त्यांची सत्ता संपली, खुष्कीचा रस्ता बंद झाला. इथिओपिया मात्र खरोखर ख्रिस्ती होता आणि चौथ्या शतकातल्या एझाना राजापासून होता. १२७० पासून तिथे सॉलोमनचा वंश सांगणारे राजघराणे होते. इथिओपियाचे भिक्षू जेरुसलेमला राहत आणि युरोपीय यात्रेकरूंच्या नजरेस पडत. इथिओपियाचा राजा मनात आणील तर नाईल अडवून इजिप्तला उपाशी मारील, ही समजूतही याच काळात बळावली.

इथिओपियन लोकांनी स्वतः हे नाव कधी घेतले नव्हते. १४४१ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेला आलेल्या त्यांच्या भिक्षूंनी आपल्या राजाचे नाव झारा याकोब असल्याचे सांगितले. ऐकणाऱ्यांनी तरीही प्रेस्टर जॉनच लिहिले.

पोर्तुगाल आणि गोवा

पोर्तुगीजांच्या समुद्रमोहिमांत मसाला आणि प्रेस्टर जॉन ही दोन उद्दिष्टे शेजारी होती. मे १४८७ मध्ये राजा दुसरा जुआंव याने पेरो द कोव्हिल्यांव आणि अफोन्सो द पैव्हा या अरबी जाणणाऱ्या दोघांना गुप्तपणे रवाना केले. पैव्हा वाटेत वारला. कोव्हिल्यांव एडनहून कण्णूर, कालिकत आणि गोवा पाहून गेला; पोर्तुगीज गोवा घेतील त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी. कैरोला परतून त्याने राजाला माहिती धाडली आणि अखेर इथिओपिया गाठला. तिथे त्याला जमीनजुमला, बायकामुले, मानमरातब सगळे मिळाले. परवानगी मिळाली नाही ती परत जायची.

वास्को द गामाच्या माणसांना १४९८ मध्ये मोझांबिकला कळले की प्रेस्टर जॉन इथून आतल्या बाजूला राहतो, तेव्हा त्यांना आनंदाने रडू आले, असे त्या सफरीची रोजनिशी सांगते. कालिकतला पोचल्यावर ते एका हिंदू मंदिरात चर्च समजून गुडघे टेकून आले. भिंतीवरच्या संतांचे दात बाहेर आलेले होते आणि त्यांना चार-पाच हात होते, हेही रोजनिशीत आहे, तरी लिहिणाऱ्याला शंका आली नाही. पूर्वेला ख्रिस्ती असणारच, ही खात्री डोळ्यांपेक्षा जबर होती.

१५१२ च्या अखेरीस इथिओपियाचा दूत मतेवुस गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कपुढे उभा राहिला. अल्पवयीन सम्राट लेब्ना देंगेलच्या वतीने कारभार पाहणाऱ्या राणी एलेनीने त्याला पत्र आणि येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा तुकडा देऊन पाठवले होते. अल्बुकर्कने त्याचा सत्कार केला. इतर अनेकांना मात्र तो हेर वाटला आणि लिस्बनच्या प्रवासात त्याचे हाल झाले. इतक्या पिढ्या ज्याची वाट पाहिली, त्याचा दूत आल्यावर त्याला अशी वागणूक मिळावी, हे वाचताना आजही वाईट वाटते. एप्रिल १५२० मध्ये पोर्तुगीज वकिलात त्याला घेऊन तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरली. थोड्याच दिवसांत तो वारला.

वकिलातीबरोबरचा पाद्री फ्रान्सिस्को आल्व्हारिश सहा वर्षे तिथे राहिला. १५४० मध्ये लिस्बनला छापलेल्या त्याच्या ग्रंथात पाचूची मेजे नाहीत. एका राजधानीत न राहता तंबूंच्या छावणीसह फिरणारा दरबार, पडद्याआडून बोलणारा तरुण सम्राट, लालिबेलाची अखंड खडकात कोरलेली चर्चे आणि म्हातारा झालेला कोव्हिल्यांव, हे त्यात आहे. सम्राटाने पाहुण्यांकडे मागितले ते कारागीर आणि शस्त्रे.

पुढे तर मदतीची दिशाच उलटली. १५२९ पासून इमाम अहमद ग्राञ याने इथिओपियाचा बहुतेक मुलूख जिंकला. १५४१ मध्ये गोव्याहून निघालेल्या आरमारातून वास्कोचा मुलगा क्रिस्तोव्हांव द गामा ४०० बंदूकधाऱ्यांसह उतरला. १५४२ मध्ये तो पकडला जाऊन मारला गेला. उरलेल्यांनी सम्राट गलाव्देवोसच्या फौजेबरोबर २१ फेब्रुवारी १५४३ रोजी इमामाचा पराभव केला, त्यात इमाम ठार झाला.

दख्खनला या देशाची ओळख वेगळ्या वाटेने होती. गुलाम म्हणून विकले गेलेले हबशी बहमनी काळापासून इथे सरदारकीपर्यंत चढत होते. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला, जंजिरा सिद्दींच्या ताब्यात राहिला. इथल्या लोकांनी इथिओपियाची माणसे रोज पाहिली होती, आणि प्रेस्टर जॉनसारख्या राजाची इथे कुणाला गरज पडली नाही.

गोव्याच्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी, पुढे इथिओपियाला रोमच्या आज्ञेत आणायचा प्रयत्न केला. सम्राट सुस्नेयोसने १६२२ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला, त्यावरून यादवी माजली, आणि १६३२ मध्ये गादीवर आलेला त्याचा मुलगा फासिलिदेस याने जुना पंथ परत आणून जेझुइटांना घालवून दिले. युरोपीय नकाशांवर हे नाव त्यानंतरही रेंगाळले. त्याआधी, १५७३ मध्ये, नकाशाकार ऑर्टेलियसने काढलेल्या नकाशाचे शीर्षकच ‘प्रेस्टर जॉनचे किंवा अबिसिनियन (म्हणजे इथिओपियन) साम्राज्य’ असे होते. जर्मन पंडित हिओब लुडोल्फ याने १६८१ मध्ये इथिओपियाचा इतिहास छापला, तेव्हा या नावाला तिथल्या भाषेत आणि परंपरेत काहीही आधार नाही, हे पुराव्यानिशी मांडले. त्याने हे ज्ञान मिळवले ते रोममध्ये भेटलेल्या अब्बा गोर्गोर्योस या इथिओपियन धर्मगुरूकडून, त्याच्यासमोर बसून, प्रश्न विचारून.